पंडिता रमाबाई आणि स्त्रियांचा आत्मविश्वास

विद्येनें मनुष्याच्या अंगीं धैर्य येतें असें आपण म्हणतों, आणि तें पुष्कळ अंशीं खरेंहि आहे. परंतु जिला अक्षरओळख नाहीं, जिच्या पाठीशीं आपलें म्हणावयास कोणी माणूस नाहीं, जिच्याविषयीं दोन बरे शब्द बोलावयास गांवांत कोणी पुढें येत नाहीं, अशा स्त्रीनें धैर्य आणावें तरी कोठून? हा प्रश्न एका थोर विदुषीला पडला, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत व तें कृतींत उतरविण्यांत तिचें सारें आयुष्य वेंचलें. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचें नांव आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. त्यांच्या चरित्रांतील हा एकच धागा हातीं धरून तें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. हा प्रदेश आज कर्नाटक राज्यांत मोडतो. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे गाढे पंडित होते. तरुणपणीं ते पुण्यास अध्ययन करीत असतां त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखांतून देववाणी ऐकून शास्त्रीबोवांस मोठें नवल वाटलें, आणि आपणहि आपल्या पत्नीस हें ज्ञान द्यावयाचें असा निश्चय त्यांनीं केला. लोकांस ही गोष्ट रुचली नाहीं. उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें त्यांना आपल्या कृतीचा जाब द्यावा लागला; पण ते डगमगले नाहींत. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई उत्तम संस्कृत शिकली, आणि पुढें तिनेंच पहाटेच्या वेळीं, घरकामाला हात लावण्यापूर्वीं, लहान रमेला जवळ घेऊन श्लोक शिकविले. अशा रीतीनें भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंस लहान वयांतच मुखोद्गत झाले.

रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतां या कुटुंबानें अरण्यांतील घर सोडून तीर्थयात्रेस आरंभ केला. देवळांत पुराण सांगावें, श्रोते देतील तें घ्यावें आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. पुढें दुष्काळ पडला. श्रोत्यांच्याच घरीं धान्य नाहीं, तेथें पुराणिकास कोण देणार? मोलमजुरीची या कुटुंबास संवय नव्हती, आणि भिक्षा मागण्याची लाज वाटे. १८७४ मध्यें उपासमारीनें खंगलेल्या वडिलांनीं देह ठेविला. मागोमाग आई गेली, आणि कांहीं काळानें थोरली बहीण कृष्णाबाई हीहि गेली. उरले रमाबाई आणि त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री. हीं दोघें भावंडें हजारों मैल पायीं हिंडलीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूंत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून रात्र काढण्याचाहि प्रसंग त्यांच्यावर आला. व्रतें, दानें, यात्रा सर्व यथासांग करूनहि घर वाचलें नाहीं, हें पाहून त्यांच्या मनांतील जुनी श्रद्धा डळमळूं लागली.

१८७८ मध्यें हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली, आणि तिची वाणी व विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती या पदव्यांनीं गौरविलें. ठिकठिकाणीं त्यांचीं व्याख्यानें होऊं लागलीं. व्याख्यानांच्या तयारीसाठीं त्यांनीं धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचावयास घेतले, तेव्हां एक गोष्ट त्यांच्या मनाला बोंचली. इतर बाबतींत ग्रंथकारांचीं मतें कितीहि भिन्न असोत, स्त्रीला स्वतःच्या अधिकारानें मोक्षाचा मार्ग मोकळा नाहीं याविषयीं मात्र त्या सर्वांचें एकमत आहे, असें त्यांना आढळून आलें. या बोंचणीनें त्यांचा पुढें पुष्कळ काळ पिच्छा पुरविला.

१८८० मध्यें बंधूंचाहि मृत्यु झाला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनें विवाह केला. १८८१ मध्यें मनोरमा नांवाची कन्या झाली. संसार सुखाचा होता. सिल्चर येथील घरीं असतां बंगाली भाषेंतील लूककृत शुभवर्तमानाची एक प्रत त्यांच्या हातीं पडली, आणि ख्रिस्ती धर्माविषयीं त्यांची जिज्ञासा जागी झाली. पण फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीच्या सांथींत बिपिनबाबू वारले. विवाहाला दोन वर्षेंहि झालीं नव्हतीं. तेविसाव्या वर्षीं रमाबाई विधवा झाल्या, पदरीं तान्हें मूल, आणि माहेरचें एकहि माणूस उरलेलें नाहीं.

अशा स्थितींत त्या पुण्यास आल्या आणि दुःखाला कवटाळून न बसतां कामाला लागल्या. त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें, आणि शिक्षणाच्या चौकशीसाठीं सरकारनें नेमिलेल्या हंटर कमिशनपुढें साक्ष दिली. मुलींच्या शाळांना स्त्री-शिक्षिका व स्त्री-तपासनीस हव्यात, आणि स्त्रियांना वैद्यकीचें शिक्षण मिळालें पाहिजे, असें त्यांनीं तेथें निर्भीडपणें प्रतिपादिलें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हें सारें रमाबाई ख्रिस्ती होण्यापूर्वींचें आहे. ख्रिस्ती धर्मानें त्यांना धैर्य दिलें असें म्हणणें सत्याला सोडून होईल. तें त्यांना पित्यानें दिलेल्या विद्येनें आणि उपाशीपोटीं केलेल्या पायपिटीनें आधींच दिलें होतें. ख्रिस्ती श्रद्धेनें त्यांना जें दिलें तें निराळें होतें, आणि तें कोणतें हें कळण्यासाठीं आपणांस त्यांच्याबरोबर इंग्लंडला गेलें पाहिजे.

१८८३ मध्यें वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या कन्येसह इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरीच्या धर्मभगिनींच्या आश्रमांत राहिल्या. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. परंतु या भगिनींनीं त्यांना लंडनमधील फुलम येथें चालविलेलें आपलें एक सेवागृह दाखविलें. समाजानें पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रिया तेथें राहत होत्या. सुशिक्षित घराण्यांतल्या भगिनी त्यांच्याशीं ममतेनें वागत, त्यांना काम शिकवीत, आणि त्या स्त्रियांपैकीं कित्येकजणी सुधारून दुसऱ्या दुःखितांची सेवा करूं लागल्या होत्या. रमाबाईंनीं असा प्रकार पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. अशा स्त्रियांकरितां कांहीं करावयाचें असतें हा विचारच त्यांना नवा होता. त्यांनीं याचें कारण विचारलें, तेव्हां भगिनींनीं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली. भर दुपारीं एकटीच विहिरीवर आलेली, परक्या जातीची, लोकांनीं नांवें ठेविलेली ती स्त्री. तिच्याजवळ प्रभु येशूनें प्यावयास पाणी मागितलें, तिच्याशीं धर्मांतील गहन विषयावर संभाषण केलें, आणि तीच स्त्री मग गांवांत जाऊन सर्वांस त्याच्याविषयीं सांगती झाली.

रमाबाईंच्या मनांतील बोंचणीला येथें उत्तर मिळालें. विदुषीला मान देणारीं माणसें त्यांना कलकत्त्यासहि भेटलीं होतीं आणि पुण्यासहि भेटलीं होतीं. परंतु जिच्यापाशीं विद्या नाहीं, कुल नाहीं, नांवलौकिकहि नाहीं, अशा स्त्रीलाहि ईश्वर आपणहून हांक मारतो आणि तिच्या हातीं काम देतो, हें त्यांना या गोष्टींत दिसलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनीं आपली विचारशक्ति मात्र कोणाकडे गहाण ठेविली नाहीं. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत मिस डोरोथिया बील यांच्या देखरेखीखालीं त्या शिकत आणि संस्कृत शिकवीत असतां, त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असें कांहीं बिशपांचें मत पडलें. रमाबाईंनीं तें मुकाट्यानें मान्य केलें नाहीं. त्यांनीं मांसाहार पत्करला नाहीं. पोशाखहि देशी ठेविला. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला, हिंदी माणसाला संस्कृत अधिक जवळची नाहीं काय, असाहि त्यांचा आक्षेप असे. धर्माच्या बाबतींत आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर ईश्वराखेरीज कोणाची सत्ता नाहीं, अशी त्यांची ठाम भूमिका होती. श्रद्धा आणि लाचारी या दोन भिन्न वस्तु आहेत, हें त्यांच्या वर्तनावरून स्पष्ट दिसतें.

१८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेंत फिलाडेल्फियास गेल्या. तेथें त्यांनीं हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें; तें १८८७ मध्यें प्रसिद्ध झालें. बालोद्यान पद्धतीचा त्यांनीं अभ्यास केला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. दहा वर्षें मदत करण्याचें या मंडळीनें अंगावर घेतलें. स्वदेशीं परत येऊन ११ मार्च १८८९ रोजीं रमाबाईंनीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाई पुढें १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांच्याशीं विवाहबद्ध होऊन आनंदीबाई कर्वे या नांवानें प्रसिद्धीस आल्या. महर्षि कर्व्यांच्या कार्याशीं शारदा सदनाचा संबंध असा अगदीं घरचा आहे.

१८९० मध्यें सदन पुण्यास आलें. सदनांत धर्माची सक्ती नव्हती. ज्या मुलींस आपले आचार पाळावयाचे असतील त्यांना ते पाळण्याची मोकळीक होती. पण रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार लावून घेत नसत, आणि कांहीं मुली आपणहून येऊन बसूं लागल्या. त्यावरून १८९३ मध्यें मोठें वादळ उठलें. केसरीनें कडक टीका केली. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, आणि अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. त्या पालकांच्या मनांतील भीति समजण्यासारखी होती. मुलीला शिकावयास पाठवावें आणि ती आपल्या घराला अंतरावी, हें कोणाहि आईबापांस जड जाणारच. रमाबाईंचेंहि म्हणणें असें कीं, जी प्रार्थना माझा आधार आहे ती लपवून ठेवणें हा मुलींशीं अप्रामाणिकपणा होईल. दोन्ही बाजूंस मनाच्या वेदना होत्या. रमाबाईंस त्यापायीं जुने स्नेही गमवावे लागले, आणि ती जखम पुढें पूर्णपणें भरून आली नाहीं. आत्मविश्वासाची किंमत कधीं कधीं अशीहि द्यावी लागते.

या वादळांत त्यांना तारून नेणारी एक अंतरींची घटना त्यापूर्वींच घडली होती. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षें झाल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षांत आलें कीं आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताला अद्यापि ओळखलें नाहीं. इतके दिवस बुद्धीनें मानलेली गोष्ट आतां त्यांच्या अंतःकरणाची झाली. त्यानंतर निंदेनें खचून जाणें किंवा स्तुतीनें फुगून जाणें हें दोन्ही त्यांच्या ठायीं क्वचितच दिसलें.

१८९६ मध्यें मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. स्वतः दुष्काळांतून वांचलेल्या रमाबाईंस घरीं बसवेना. त्या तेथें गेल्या आणि त्यांनीं सुमारें तीनशें निराधार मुली व स्त्रिया परत आणिल्या. त्याच सुमारास पुण्यांत प्लेग आला, आणि सरकारी बंदोबस्तांत स्त्रियांची जी हेळसांड झाली तिच्याविरुद्ध रमाबाईंनीं १८९७ मध्यें वर्तमानपत्रांतून उघडपणें लिहिलें. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनीं लेखणी आंवरली नाहीं. या मुलींना ठेवण्यासाठीं दौंडच्या वाटेवर केडगांव येथें त्यांनीं घेतलेली शेतजमीन उपयोगीं पडली. तेथेंच मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारें दोन हजारांवर गेली.

या स्त्रिया कोण होत्या? कोणी उपासमारीनें हाडांचा सांपळा झालेली, कोणी घरांतून हांकलून दिलेली, कोणी दुष्ट लोकांच्या हातांतून सुटलेली, कोणी आंधळी. त्यांना अन्नवस्त्र देऊन रमाबाई थांबत्या, तरी जगानें त्यांना धन्यवादच दिले असते. पण दुसऱ्याच्या अन्नावर वाढलेल्या माणसाचें पोट भरतें, मान ताठ होत नाहीं, हें त्या जाणून होत्या. म्हणून मुक्ति सदनांत प्रत्येकीच्या हाताला काम होतें. शेती, दूधदुभतें, तेलाचा घाणा, विणकाम, शिवण, स्वयंपाक, मुलांना शिकविणें, आजाऱ्यांची शुश्रूषा, हीं सर्व कामें स्त्रियाच करीत आणि त्यांवर देखरेखहि स्त्रियाच ठेवीत. आंधळ्या स्त्रियांसाठीं मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकून घेतली, आणि त्या स्त्रिया बोटांनीं वाचूं लागल्या. काल जी भीक मागत होती तिच्या हातीं आज वर्ग सोंपविला जाई. आपल्यावर कोणीतरी भरंवसा टाकला आहे हें कळल्यावांचून मनुष्याचा स्वतःवर भरंवसा बसत नाहीं. ईश्वरानें आपल्यावर भरंवसा टाकला आहे ही शिकवण रमाबाई प्रार्थनामंदिरांत देत, आणि तिचा प्रत्यय कामाच्या जागीं आणून देत. १९०५ मध्यें सदनांत मोठी धार्मिक जागृति झाली, तेव्हां याच मुली जथ्याजथ्यानें आसपासच्या खेड्यांत जाऊन लोकांपुढें उभ्या राहून बोलूं लागल्या.

रमाबाईंच्या उतारवयांतील कार्य तर फारच उद्बोधक आहे. त्यांनीं हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें. ज्यांनीं संस्कृताच्या बळावर कलकत्त्याची पंडितसभा जिंकली, त्यांनीं या ग्रंथासाठीं जाणूनबुजून अगदीं साधी मराठी योजिली. कारण तो त्यांना केडगांवच्या अल्पशिक्षित स्त्रियांच्या हातीं द्यावयाचा होता. आपली विद्वत्ता दाखविण्याची संधि त्यांनीं अशा रीतीनें आपण होऊन सोडली. विशेष हें कीं, खिळे जुळविणें व छपाई हें कामहि मुक्ति सदनाच्या छापखान्यांत स्त्रियांनींच केलें. नवा करार १९१३ मध्यें प्रसिद्ध झाला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्यें छापून बाहेर पडला. जिला कधीं कोणी अक्षर दाखविलें नव्हतें तिच्याच हातांनीं शास्त्र छापून निघावें, यापरतें रमाबाईंच्या प्रश्नाचें दुसरें उत्तर कोणतें असूं शकेल?

तो पूर्ण ग्रंथ पाहण्यास रमाबाई राहिल्या नव्हत्या. १९१९ मध्यें सरकारनें त्यांना कैसर-इ-हिंद हें पदक दिलें. १९२१ मध्यें त्यांचा उजवा हात असलेली एकुलती एक कन्या मनोरमा ऐन चाळिशींत निवर्तली. हा घाव त्यांनीं शांतपणें सोसला, आणि पुढच्याच वर्षीं, ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांव येथें त्यांनीं इहलोकची यात्रा संपविली. १९८९ मध्यें भारत सरकारनें त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट काढलें. केडगांवची संस्था आजहि निराधार स्त्रियांची व मुलांची सेवा करीत आहे.

विद्यार्थिनींनो, तुम्हांपैकीं पुष्कळजणींस वर्गांत उभें राहून उत्तर देतांनाहि संकोच वाटतो. त्या वेळीं हें चरित्र आठवा. आपण इतरांहून हुशार आहों या जाणिवेवर उभारलेला विश्वास, अधिक हुशार कोणी भेटतांच कोसळून पडतो. ईश्वराच्या दृष्टीनें आपलें मोल आहे, आणि तसेंच तें शेजारच्या बांकावरील मुलीचेंहि आहे, या श्रद्धेवर उभारलेला विश्वास तसा कोसळत नाहीं. आणि आईबापांनो, अनंतशास्त्र्यांनीं लोकांची नाराजी पत्करून पत्नीस शिकविलें, त्या मातेनें पहाटे उठून मुलीस शिकविलें, म्हणून पुढें हजारों स्त्रियांस आधार मिळाला. धर्म कोणताहि असो, आपल्या मुलीवर एखादें जबाबदारीचें काम सोंपवून पाहा. तें ती चुकत-माकत करील, पण पुढच्या खेपेस तें काम ती आपणहून मागून घेईल.